बिअरचा फेस आणि दमलेली हृदयं

मराठीत मोठ्या काळजाचा माणूस म्हणजे धाडसी. वैद्यकात मात्र हृदय मोठं होणं ही वाईट बातमी. हृदयाचा डावा खालचा कप्पा फुग्यासारखा ताणला जातो, स्नायू दुबळा होतो आणि रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडते. मग धाप, पायांवर सूज, थकवा. रक्तवाहिन्या मोकळ्या, रक्तदाब ठीक, झडपा ठीक, आणि तरीही असं झालं, तर त्याला म्हणतात 'डायलेटेड कार्डियोमायोपथी'. 'कार्डियोमायोपथी' हा शब्द लंडनच्या वॉलेस ब्रिग्डन यांनी १९५७ साली वापरला. पुढे बरीच वर्षं या नावामागे एक शेपूट असायचं: 'इडिओपॅथिक', म्हणजे कारण अज्ञात.

या शेपटाची गोष्ट सांगायची तर कॅनडातल्या क्युबेक शहरात जायला हवं. ऑगस्ट १९६५ पासून तिथल्या इस्पितळांत धापा टाकणारे, निळसर पडलेले रुग्ण येऊ लागले. एक्स-रेमध्ये हृदय भलतंच मोठं. रुग्ण सुमारे पन्नास, बहुतेक पुरुष, आणि सगळे रोज भरपूर बिअर रिचवणारे. त्यातले वीसच्या आसपास दगावले.

'पिणाऱ्यांचं हृदय बिघडणारच' असं म्हणून फाइल बंद करता आली असती. पण ही मंडळी वर्षानुवर्षं पीत होती, मग आत्ताच काय झालं? आणि माँट्रियालला काय लोक ताक पीत होते? तिथे असे रुग्ण का नाहीत? आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चालू सिस्टिम अचानक कोसळली की पहिला प्रश्न असतो, 'शेवटचा बदल काय केला होता?' डॉ. इव्ह मोरँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोध याच वाटेने गेला. शवविच्छेदनात थायरॉइड ग्रंथीतही बदल दिसले होते. रुग्णांच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त होत्या. दोन्ही खुणा कोबाल्टकडे बोट दाखवत होत्या.

त्या काळात ग्लास धुण्यासाठी डिटर्जंट आले होते आणि त्याच्या अंशामुळे बिअरचा फेस टिकत नसे. उपाय म्हणून कंपन्या चिमूटभर कोबाल्ट सल्फेट घालत. क्युबेकच्या कारखान्यात ते जुलै १९६५ मध्ये सुरू झालं आणि महिन्याभरात पहिले रुग्ण आले! १९६६ च्या वसंतात ते थांबलं, तसे नवे रुग्णही थांबले. अमेरिकेत ओमाहालाही याच सुमारास अशीच साथ आली होती.

पण एक कोडं उरलं. रक्तक्षयावर औषध म्हणून याहून कितीतरी जास्त कोबाल्ट दिलं जाई आणि त्याने अशी साथ आली नव्हती. म्हणजे कोबाल्ट एकटं गुन्हेगार नव्हतं. दारू, निकृष्ट आहार आणि कोबाल्ट यांची तिकडी जमली, तेव्हा स्नायूपेशींचा ऊर्जा बनवण्याचा कारभार बंद पडला. मला या कथेतला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचे शोधही याच धर्तीचे निघाले. २०१२ साली दिसलं, की घराण्यात चालत आलेल्या या आजाराच्या सुमारे २५ टक्के रुग्णांत 'टिटिन' या प्रचंड प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. २०१८ मध्ये दारूमुळे हृदय खचलेल्यांतही तो दोष इतरांपेक्षा जास्त आढळला. पिणारे अनेक, हृदय काहींचंच खचतं, त्यामागचं एक कारण हे.

माझ्या धाकट्या भावाच्या रिपोर्टवर 'इडिओपॅथिक' हाच शब्द होता. तो दारूला शिवतही नाही. त्याच्या डॉक्टरांनी आम्हा सख्ख्या भावंडांना आणि त्याच्या मुलांनाही इको करून घ्यायला सांगितलं. कुणालाही काही त्रास नव्हता, तरीही. हा आजार सुरुवातीला मुकाट असतो, आणि लवकर कळला तर औषधांनी बऱ्याच जणांचं हृदय सावरतं.

आणि कोबाल्टचं म्हणाल, तर ते २०१२ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला पुन्हा भेटलं. पंचावन्न वर्षांच्या एका गृहस्थांचं हृदय खचत चाललं होतं, कारण सापडत नव्हतं. डॉ. युर्गेन शेफर यांना 'हाउस' या टीव्ही मालिकेतला एक भाग आठवला आणि त्यांनी रुग्णाचा धातूचा कृत्रिम खुबा तपासायला घेतला. तो झिजून कोबाल्ट रक्तात उतरत होतं. खुबा बदलला, आणि हृदय बरंच सुधारलं.