जीआरईची इंग्रजी शब्दसंपदा : सुरतेतल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी पाठांतर कुठे थांबवायचं?

सुरत : परदेशात एमएस किंवा पीएचडीला जायचं ठरलं की जीआरईचं नाव निघतं, आणि पाठोपाठ तीन-साडेतीन हजार इंग्रजी शब्दांची यादी हातात पडते. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांतल्या खानदेशी घरांतून आलेल्या मुलांची इथेच गाळण उडते. सातवी-आठवीपर्यंत मराठी शाळा, पुढे गुजराती किंवा इंग्रजी, घरात अहिराणी आणि बाजारात हिंदी असं ज्यांचं शिक्षण झालं, त्यांना यादी पाहून वाटतं की हा आपला प्रांत नाही. गणितात पैकीच्या पैकी घेणारी मुलंही मग अर्ज भरायचं टाळतात.

परीक्षेचं स्वरूप नीट पाहिलं तर ही भीती बरीचशी अनाठायी आहे. जीआरई शब्दांचे अर्थ विचारत नाही. वाक्यात कुठला शब्द नेमका बसतो, हे विचारते. चार भाषांत वाढलेल्या मुलाला ही सवय आधीपासून असते.

परीक्षेत काय असतं?

जीआरई घेणारी ईटीएस ही अमेरिकन संस्था 1947 साली स्थापन झाली. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा आटोपशीर झाली असून आता ती 1 तास 58 मिनिटांची आहे. भाषेचा भाग, म्हणजे 'वर्बल', असा असतो :

• पहिला विभाग : 12 प्रश्न, 18 मिनिटं
• दुसरा विभाग : 15 प्रश्न, 23 मिनिटं
• गुण : 130 ते 170, एकेका गुणाच्या फरकाने
• निबंध : एकच, 30 मिनिटं, वेगळे गुण 0 ते 6

पहिला विभाग कसा सोडवला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

वर्बलमध्ये तीन प्रकारचे प्रश्न असतात : उताऱ्यावरचे प्रश्न, एक ते तीन रिकाम्या जागा भरणं, आणि सहा पर्यायांतून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन शब्द निवडणं. दोन-तीन रिकाम्या जागा असतील तर सगळ्या बरोबर आल्या तरच गुण मिळतात. विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांतलं साम्य ओळखण्याचे जुने प्रश्न ऑगस्ट 2011 मध्येच बंद झाले. तरीही बऱ्याच ठिकाणी तयारी त्या जुन्या पद्धतीनेच चालते. यादी घोकायची सवय तिथूनच आली.

मराठीतच एक प्रश्न सोडवून पाहा

'पैसा असूनही मालक इतका ____ होता, की दिवाळीलाही कारागिरांच्या हातावर अर्धाच पेढा ठेवायचा.'

पर्याय : काटकसरी, चिक्कू, उधळ्या, कंजूष, अबोल, लहरी.

उत्तर 'चिक्कू' आणि 'कंजूष'. 'काटकसरी' जवळचा वाटतो, पण त्यात कौतुक आहे आणि वाक्यात राग आहे. मराठी मुलाला हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीत हाच फरक 'फ्रुगल' आणि 'मायझरली' या शब्दांत आहे. 'फ्रुगल' म्हणजे काटकसरी, हा शब्द चांगल्या अर्थाने येतो. 'मायझरली' म्हणजे कंजूष. 'पार्सिमोनियस'ही चिक्कूच्याच बाजूचा. यादीत तिघांसमोर 'कमी खर्च करणारा' एवढंच लिहिलेलं असेल, तर तिन्ही शब्द पाठ असूनही उत्तर चुकतं.

याच वाक्यात 'असूनही' हा शब्द पाहा. तोच सांगतो की पुढे अपेक्षेच्या उलट काहीतरी येणार. इंग्रजी वाक्यात 'ऑल्दो', 'डिस्पाइट', 'येट' हे शब्द तेच काम करतात. रिकामी जागा भरण्याआधी असा शब्द शोधायचा, मग पर्यायांकडे वळायचं.

सीमेवरच्या मुलांची जमेची बाजू

सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे. तिथे घोषणा चार भाषांत होतात. या पट्ट्यातलं मूल लहानपणापासून शब्द ऐकून 'हा कुठल्या भाषेत बोलला?' ते आधी ताडतं. 'शिक्षा' म्हणजे मराठीत दंड, हिंदीत शिक्षण. 'चेष्टा' म्हणजे मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. संदर्भ बघून अर्थ लावायचा, हा सराव वर्षानुवर्षं झालेला असतो. जीआरईला हाच लागतो.

दुसरी जमेची बाजू संस्कृतची. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं, हा विचार विल्यम जोन्सने 1786 मध्ये कलकत्त्यात मांडला. त्याचा फायदा आजही होतो. 'अनाम' आणि 'ॲनॉनिमस' शेजारी ठेवा : नकाराचा 'अ' आणि नाव, दोन्हीकडे तेच. 'दंत' आणि 'डेंटल', 'मृत' आणि 'मॉर्टल', 'नव' आणि 'नोव्हिस', 'पद' आणि 'पेडेस्ट्रियन' ही अशीच नाती. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे अक्षरशः मोठ्या मनाचा.

पण मुळावर डोळे झाकून विसंबायचं नाही. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे बिनकिमतीचा नव्हे, 'अनमोल'. 'नॉइसम'चा 'नॉइज'शी म्हणजे आवाजाशी संबंध नाही, त्याचा अर्थ किळसवाणा, दुर्गंधीचा. 'रेस्टिव्ह' माणूस आराम करत नसतो, तो अस्वस्थ असतो.

सोपे शब्दच जास्त फसवतात

अनोळखी शब्द दिसला की विद्यार्थी सावध होतो. ओळखीच्या शब्दावर तो बेसावध असतो. 'क्वालिफाय' म्हणजे पात्र ठरणं हे सगळ्यांना माहीत असतं, पण उताऱ्यात त्याचा अर्थ बहुधा 'विधानाला मर्यादा घालणं' असा असतो. 'चेक' म्हणजे आवर घालणं, 'फ्लॅग' म्हणजे जोर ओसरणं, 'टेम्पर' म्हणजे तीव्रता कमी करणं. 'सँक्शन' तर मंजुरीही आणि निर्बंधही.

कॉमर्सच्या मुलांना यातले काही शब्द वहीखात्यातून भेटलेले असतात. मालमत्ता 'ॲप्रिशिएट' होते म्हणजे तिचं मूल्य वाढतं, हे त्यांना ठाऊक असतं. बाजारात 'डिस्काउंट' म्हणजे सूट, आणि उताऱ्यात एखाद्याचं म्हणणं 'डिस्काउंट' करणं म्हणजे त्याला फारसं महत्त्व न देणं. अशा दुहेरी अर्थाच्या शब्दांची वेगळी वही ठेवावी.

शब्द टिकतो कसा?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस याने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरतं आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून एका दिवसात शंभर शब्द घोकण्यापेक्षा रोज दहा शब्द आणि ठरावीक अंतराने उजळणी फायद्याची. आज शिकलेला शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने पाहायचा. हे अंतर राखायला 'अँकी' हे ॲप अँड्रॉइड फोनवर मोफत मिळतं. ते नको असेल तर जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे तुकडे आणि चपलांचा खोका पुरतो.

प्रत्येक कार्डावर चार गोष्टी लिहाव्यात :

1. इंग्रजी शब्द आणि तो जिथे वाचला ते वाक्य
2. नेमका मराठी शब्द, घरात बोलतो तो
3. सूर : कौतुकाचा, टीकेचा की तटस्थ
4. जवळचा एक शब्द आणि दोघांतला फरक

नेमका मराठी शब्द सापडला की निम्मं काम होतं. 'ॲबेट' म्हणजे ओसरणं : ऑगस्ट 2006 मध्ये तापीचा पूर सुरतेतून ओसरला, तसं. 'एक्झॅसरबेट' म्हणजे चिघळवणं. 'व्हॅसिलेट' म्हणजे तळ्यात-मळ्यात करणं. 'इक्विव्होकेट' म्हणजे मुद्दाम गुळमुळीत बोलणं. 'ऑब्सिक्वियस' म्हणजे लाळघोट्या. 'कोरोबोरेट' म्हणजे दुजोरा देणं. यातले शेजारी-शेजारी ठेवायचे शब्द ओळखावेत : मनात चलबिचल असणारा 'व्हॅसिलेट' करतो, मनात ठरलेलं असूनही लपवणारा 'इक्विव्होकेट' करतो.

आठवड्याला पाच दिवस दहा-दहा शब्द धरले तर सोळा आठवड्यांत आठशे होतात. उरलेले दोन दिवस नवा शब्द नाही, फक्त उजळणी आणि वाचन.

सुरतेचा जुना वारसा

मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर 1840 च्या दशकात सुरतेत इंग्रजी शाळेत शिकवत होते. त्यांचं मराठी व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झालं होतं. 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजी यांच्यासोबत त्यांनी इथेच मानवधर्म सभा सुरू केली. म्हणजे मराठीचं व्याकरण लिहिणारा माणूस गुजराती गावात इंग्रजी शिकवत होता. सुरतेचेच कवी नर्मद यांनी गुजरातीचा 'नर्मकोश' रचला, तो 1873 मध्ये पूर्ण छापून झाला. इथल्या विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे. एकाच गावात अनेक भाषा शिकणं सुरतेला नवं नाही.

घोडदोड रोडवर महापालिकेचं कवी नर्मद मध्यवर्ती ग्रंथालय आहे. घरात जागा आणि शांतता नसेल तर अशा ग्रंथालयात बसून रोज एक इंग्रजी अग्रलेख किंवा विज्ञानावरचा लेख सावकाश वाचावा. शब्द अडला तरी परिच्छेद संपेपर्यंत कोश उघडायचा नाही. आधी अंदाज, मग खात्री.

पैसे भरण्याआधी

• कोविडनंतर अनेक विद्यापीठांनी जीआरई ऐच्छिक केली आहे. ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा त्याची अट आधी त्यांच्या वेबसाइटवर वाचा.
• जीआरई आणि टोफेल-आयईएलटीएस वेगळ्या परीक्षा आहेत. एक दिली म्हणून दुसरी आपोआप माफ होत नाही.
• एमबीएसाठी कॅट देणाऱ्यांनी जीआरईची यादी घेऊन बसू नये. तिथे उताऱ्यांवर भर असतो, आणि पर्यायी प्रश्नांत चुकीला गुण कापले जातात.
• ईटीएस स्वतः शब्दांची अधिकृत यादी काढत नाही. 'हमखास येणारे शब्द' म्हणून विकली जाणारी यादी क्लासने किंवा प्रकाशकाने केलेली असते.
• ईटीएसच्या 'पॉवरप्रेप'च्या दोन सराव परीक्षा मोफत आहेत. पहिली तयारीच्या सुरुवातीलाच द्या. वर्बलमध्ये नेमकं कुठे अडतं, हे क्लासची फी भरण्याआधी कळेल.
• गुण पाच वर्षं ग्राह्य असतात. पुन्हा परीक्षा द्यायची तर मध्ये 21 दिवसांचं अंतर हवं, आणि 12 महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा देता येते. दर वेळी पूर्ण शुल्क पडतं, म्हणून सराव परीक्षेत गुण स्थिर झाल्याशिवाय तारीख घेऊ नका.