वेंगुर्ल्याचा चाकरमानी आणि मुंबईतील निवारा : गावकीच्या खोलीपासून भाडे नियंत्रण कायद्यापर्यंत

प्रस्तावना

मुंबईतील गृहनिर्माणाचा इतिहास बहुधा सुधार न्यास, विकास विभाग, म्हाडा अशा शासकीय संस्थांच्या आधारे लिहिला जातो. परंतु कोकणातून आलेल्या कामगाराला पहिला आसरा यांपैकी कोणत्याही संस्थेने दिला नाही. तो त्याच्या गावाने दिला. वेंगुर्ले व लगतच्या दक्षिण कोकणातील गावकऱ्यांनी मुंबईत भाड्याने घेतलेल्या सामाईक खोल्या हा या आसऱ्याचा ठळक नमुना होय. या व्यवस्थेचे स्वरूप काय होते आणि भाडेकरूंना संरक्षण देणाऱ्या कायद्यांत तिला कोणते स्थान मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थलांतराची पार्श्वभूमी

१८१२ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेले वेंगुर्ले हे घाटमाथ्यावरील मालाचे महत्त्वाचे बंदर होते. १८८० नंतरच्या दशकात मार्मागोवा बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि वेंगुर्ल्याच्या व्यापाराला ओहोटी लागली. भातशेतीचे तुकडे लहान, बागायत मोजक्यांच्या हाती, त्यामुळे तरुणांना मुंबईची वाट धरावी लागली. ज्या बंदरातून पूर्वी माल जात असे, त्याच बंदरातून आगबोटीने माणसे जाऊ लागली. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांची मुंबईतील संख्या विसाव्या शतकाच्या आरंभीच दोन लाखांच्या पुढे गेली होती. १९२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि तीतील चार पंचमांशांहून अधिक लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते.

गावकीची खोली

गिरणी कामगाराच्या वेतनात स्वतंत्र खोली परवडत नसे. म्हणून एका गावचे वा वाडीचे लोक मंडळ स्थापून चाळीत खोली घेत. गिरणगावात अशा खोल्यांना ‘बैठकीच्या खोल्या’ अथवा ‘गाळे’ म्हणत. प्रत्येकाने महिन्याची ठरावीक वर्गणी द्यावयाची. त्या बदल्यात त्याला ट्रंक ठेवण्यापुरती जागा, वळकटी टाकण्यापुरती जमीन आणि गावाहून येणारी पत्रे घेण्यासाठी पत्ता मिळे. पाळ्यांमुळे एकाच जागेवर रात्री एक व दिवसा दुसरा झोपू शके. जेवणाची सोय खाणावळीत होई. या खाणावळी बहुधा कामगार वस्तीतील स्त्रिया चालवीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे कार्य केले.

खोलीचे कार्य निवाऱ्यापुरते नव्हते. नवागताला गिरणीत चिकटवून देणे, काम सुटलेल्याची वर्गणी काही काळ थांबविणे, आजाऱ्याला बोटीत बसवून देणे, गावच्या देवळासाठी निधी जमविणे ही कामेही मंडळ करी. १९२८ चा सहा महिन्यांचा गिरणी संप कामगार तगवू शकले, त्यामागे गावाशी टिकलेले नाते हे एक कारण होते. राजनारायण चंदावरकर यांच्या संशोधनाने या नात्याचे महत्त्व विशद केले आहे. धोबीतलाव परिसरातील गोव्याच्या ख्रिस्ती गावांचे ‘कूड’ ही याच जातीची संस्था होय.

तथापि या व्यवस्थेचे आदर्शीकरण करणे योग्य ठरणार नाही. खोली पुरुषांची होती. बायकामुले गावी राहून मनिऑर्डरची वाट पाहत. शिवाय गावकीच्या मर्यादा या बहुधा जातीच्याही मर्यादा असत. गावात ज्याला देवळाबाहेर राहावे लागे, त्याला मुंबईतही आपल्या समाजाचीच खोली शोधावी लागे.

शासन आणि कायदा

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधार न्यास स्थापन झाला. १९२० पासून विकास विभागाने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. प्रत्येकीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. मूळ संकल्प ५० हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्याच खोल्या झाल्या.

भाडेवाढीला आळा घालणारा पहिला कायदा पहिल्या महायुद्धामुळे १९१८ मध्ये झाला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० मधील भाडे हे प्रमाण मानून ते गोठविले आणि मालकाच्या मनमानी बेदखलीपासून भाडेकरूला संरक्षण दिले. हे संरक्षण मोलाचे होते. पण भाडे गोठल्याने मालकांनी दुरुस्ती सोडली आणि पागडीची प्रथा बळावली. नव्याने बोटीतून उतरणाऱ्याला पागडी देणे शक्य नव्हते. त्याला पुन्हा गावकीच्या खोलीचाच आधार घ्यावा लागला.

खोलीचे कायदेशीर स्थान

येथेच या विषयातील कळीचा प्रश्न उद्भवतो. कायद्याने भाडेकरू म्हणून व्यक्ती ओळखली. भाडेपावतीवर ज्याचे नाव, त्याचा हक्क. बैठकीच्या खोलीची पावती मात्र बहुधा कोणा एका जाणत्याच्या नावे असे. तो मरण पावल्यास भाडेहक्क त्याच्यासह राहणाऱ्या कुटुंबीयांकडे जाई. वीस वर्षे वर्गणी भरणारा गाववाला कुटुंबीय ठरत नसे. पोटभाडेकरू ठेवण्यासही कायद्याने मनाई केली होती. १९५९ मध्ये तोवरच्या पोटभाडेकरूंना आणि १९७३ मध्ये १ फेब्रुवारी रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना संरक्षण मिळाले. पण प्रत्येक वेळी एक तारीख ठरली आणि त्यानंतर येणारा उघड्यावर राहिला. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली, परंतु सामूहिक वास्तव्याचा प्रश्न तसाच राहिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर असंख्य चाकरमानी गावी परतले. गिरण्यांच्या जमिनीवरील घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले, तर २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत सात हजारांहून कमी घरे होती. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या विकास विभाग चाळींतील ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. गिरणीच्या घरासाठी कामगाराला नोकरी सिद्ध करावी लागली, चाळीच्या घरासाठी रहिवाशाला खोलीवरील हक्क. वर्गणीच्या वहीतील नाव यांपैकी कोठेच पुरावा ठरत नाही.

समारोप

गावकीच्या खोलीने परवडणाऱ्या निवाऱ्याचा प्रश्न सोडविला नाही; तिने तो कामगाराच्या आवाक्यात आणला. शासनाने घर म्हणजे कुटुंबाचे आणि शक्यतो मालकीचे असे गृहीत धरले, तर स्थलांतरिताची गरज कमी भाड्याच्या, काही वर्षांच्या आणि ओळखीच्या माणसांतल्या जागेची होती. स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या निवासाची योजना केंद्र सरकारने २०२० मध्ये जाहीर केली. ही गरज वेंगुर्ल्याच्या चाकरमान्यांनी शतकापूर्वीच ओळखली होती. त्यांच्या मंडळांच्या वर्गणीच्या वह्या व ठरावांची पुस्तके आज जुन्या चाळींबरोबर नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत. त्यांचे संकलन करणे हे कोकणातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज हाती घेता येण्याजोगे आणि तातडीचे कार्य आहे.