आराखडा आधी की स्फूर्ती आधी? डिकन्सच्या कच्च्या टिपणांकडून संशोधकाने काय शिकावं

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक प्रश्न हमखास पडतो. सहा प्रकरणांची नावं आत्ताच लिहून द्यायची आहेत आणि प्रयोग तर अजून सुरूही झालेले नाहीत. मग चौथ्या प्रकरणात काय निघणार हे आधीच कसं सांगायचं? आणि ते सांगता येत असेल तर संशोधन कशाला करायचं? पेटची तयारी करणाऱ्या तीन-चार जणांनी मला अलीकडे हेच विचारलं. मलाही हा प्रश्न पडला होता आणि त्याचं चुकीचं उत्तर धरून मी आठ महिने वाया घालवले. ते शेवटी सांगते.

आधी थोडा इतिहास बघू. विज्ञानाचा नाही, कादंबरीचा. कारण गोष्टी लिहिणाऱ्यांना हाच प्रश्न आपल्या कितीतरी आधी पडलाय. कथानक आधी बांधून घ्यायचं, की लिहिता लिहिता जे सुचेल त्याच्या मागे जायचं? साहित्य हा माझा विषय नाही, मी विज्ञानाची विद्यार्थिनी. पण या प्रश्नावरचे एकोणिसाव्या शतकातले काही कागद असे आहेत की ते वाचताना मला माझी लॅबची वहीच आठवली.

दोन टोकं

पहिलं टोक कोलरिजचं. १८१६ साली त्याने ‘कुब्ला खान’ ही कविता छापली आणि तिला एक प्रस्तावना जोडली. तिच्यात तो सांगतो की ही कविता आपल्याला झोपेत सुचली. जागा झाल्यावर तो ती उतरवत होता, तेवढ्यात कोणीतरी कामासाठी आलं आणि पुढचं सगळं विरून गेलं. म्हणजे सगळी स्फूर्तीच, आराखडा शून्य.

दुसरं टोक एडगर ॲलन पोचं. त्याची ‘द रेव्हन’ ही कविता १८४५ साली गाजली. पुढच्या वर्षी त्याने निबंध लिहून सांगितलं की या कवितेत काहीच योगायोगाने आलेलं नाही. कविता किती ओळींची असावी, वाचकावर कोणता परिणाम व्हावा, पालुपद कोणतं असावं, हे सगळं आपण गणित सोडवावं तसं पायरीपायरीने ठरवलं, असा त्याचा दावा. म्हणजे सगळा आराखडाच.

तुम्ही यातलं कोणाचं खरं मानाल? थांबा. आधी हे बघा की दोघांचीही साक्ष काम संपल्यानंतरची आहे. ‘कुब्ला खान’ची कोलरिजच्या हातची एक प्रत आज उपलब्ध आहे. तिच्यातले काही शब्द छापील कवितेपेक्षा वेगळे आहेत. शिवाय शेवटच्या छोट्या टिपणात तो गाढ झोपेविषयी बोलत नाही, अफूमुळे आलेल्या एका तंद्रीविषयी बोलतो. म्हणजे कविता जशी आली तशीच छापली गेली नाही, मध्ये हात फिरला. पोचा निबंधही कविता गाजल्यावरचा आहे, आणि तो शब्दश: खरा मानायला अनेक वाचक तयार नसतात.

आपले शोधनिबंध तरी काय वेगळे असतात? छापलेला पेपर वाचला की वाटतं, यांनी पहिल्या दिवशीच गृहीतक मांडलं, प्रयोग केला आणि उत्तर मिळालं. फसलेले प्रयोग, मध्येच बदललेला प्रश्न, यातलं काही तिथे दिसत नाही. म्हणून एखादं काम प्रत्यक्षात कसं झालं हे कळायला काम चालू असतानाचे कागद लागतात. चार्ल्स डिकन्सचे असे कागद टिकलेत.

योजना नसलेली सुरुवात

डिकन्सची पहिली कादंबरी ‘पिकविक पेपर्स’. मार्च १८३६ पासून तिचा दर महिन्याला एक हप्ता निघू लागला. डिकन्स तेव्हा २४ वर्षांचा होता. मूळ कल्पना त्याची नव्हतीच. रॉबर्ट सीमोर नावाचा चित्रकार विनोदी चित्रं काढणार आणि डिकन्सने त्यांना जोडून मजकूर लिहायचा, असं ठरलं होतं. पण दुसरा हप्ता निघण्याआधीच, एप्रिलमध्ये, सीमोरने आत्महत्या केली. मग हप्त्याची पानं २४ वरून ३२ झाली, चित्रं चारावरून दोनावर आली आणि लगाम डिकन्सच्या हातात आला.

चौथ्या हप्त्यात सॅम वेलर नावाचा एक हजरजबाबी बूटपॉलिशवाला आला आणि तो लोकांना भलताच आवडला. सुरुवातीला काहीशे प्रती खपत होत्या, शेवटी तोच आकडा महिन्याला सुमारे ४०,००० वर गेला. ज्या पात्राने ही कादंबरी तारली ते असं वाटेत भेटलेलं. पण पुस्तकाच्या प्रस्तावनेत डिकन्सने स्वत:च मान्य केलं की अशा पद्धतीने लिहिताना घट्ट विणलेलं कथानक शक्य नव्हतं. प्रसंग एकापुढे एक येत राहतात, पण त्यांची एकत्र बांधणी सैल राहते.

एक कागद, दोन बाजू

दहा वर्षांनी, ऑक्टोबर १८४६ मध्ये, ‘डॉम्बी अँड सन’ सुरू झाली. हप्त्यांची पद्धत तीच होती: महिन्याला ३२ पानं, एकूण २० भाग, त्यातले शेवटचे दोन एकत्र, म्हणजे १९ महिने. (आपल्याकडे ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात अशीच क्रमश: आली.) या पद्धतीतली मेख लक्षात घ्या. पहिले हप्ते लोकांच्या हातात पडलेले असतात आणि पुढचे लिहून झालेले नसतात. छापून गेलेलं मागे घेता येत नाही.

‘डॉम्बी’पासून डिकन्सने प्रत्येक हप्त्यासाठी एक टिपण ठेवायला सुरुवात केली. ही टिपणं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. कागद आडवा धरलेला. उजव्या बाजूला हप्त्याचा क्रमांक, प्रकरणांची नावं, त्यात काय येणार. डाव्या बाजूला स्वत:शीच बोलणं: अमक्या पात्राला या हप्त्यात आणायचं का? तमक्याचं गुपित फोडायचं का? आणि त्यापुढे उत्तरं: हो. नाही. इतक्यात नको.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे ‘इतक्यात नको’. आराखडा म्हटलं की आपल्याला फक्त उत्तरांचा कागद आठवतो. इथे अर्धा कागद प्रश्नांसाठी राखून ठेवलाय.

आता योजना प्रत्यक्षात कशी वळली ते बघू. जुलै १८४६ मध्ये डिकन्सने आपला मित्र जॉन फॉर्स्टर याला पत्र लिहून ‘डॉम्बी’चा एकूण आराखडा कळवला. त्यात गर्विष्ठ व्यापारी डॉम्बी, त्याच्या लहानग्या मुलाचा मृत्यू आणि दुर्लक्षित मुलीपाशी शेवटी त्याचं परतणं, हा कणा होता. तो शेवटपर्यंत टिकला. पण त्याच पत्रात वॉल्टर गे या तरुण पात्राविषयी विचार होता की हा हळूहळू बिघडत जाऊन वाया जावा. यावर त्याने फॉर्स्टरचं मतही विचारलं. कादंबरीत तसं झालं नाही. वॉल्टर सरळ राहिला, परत आला आणि डॉम्बीच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. वाया जाणाऱ्या तरुणाची कल्पना मात्र फुकट गेली नाही. फॉर्स्टरच्या म्हणण्याप्रमाणे ती पुढे ‘ब्लीक हाउस’मधल्या रिचर्डच्या कामी आली.

दुसरं उदाहरण डॉम्बीच्या दुसऱ्या बायकोचं, ईडिथचं. ती नवऱ्याचा सूड घ्यायला त्याच्या व्यवस्थापकाबरोबर पळून जाते. डिसेंबर १८४७ मध्ये, कादंबरी संपायला जेमतेम चार महिने असताना, लॉर्ड जेफ्री या ज्येष्ठ समीक्षकमित्राने कळवलं की ती त्या माणसाची रखेल झाली यावर आपला विश्वासच बसत नाही. डिकन्सने मग ते प्रकरण उलटवलं. ईडिथ त्या माणसालाही झिडकारते.

‘डेव्हिड कॉपरफील्ड’च्या वेळी तर मे १८५० मध्ये तो फॉर्स्टरला कळवतो की डोराचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये, पण आज ठरवलंच पाहिजे. डोरा म्हणजे नायकाची बायको. ती जगणार की जाणार, हे अर्ध्याहून जास्त कादंबरी छापून झाली तरी नक्की नव्हतं!

म्हणजे पानांची संख्या, तारीख आणि गोष्टीचा कणा पक्का होता. पात्रांचं भवितव्य, ठरवलेल्या दिवसापर्यंत, उघडं होतं. स्फूर्तीला जागा होती, पण तिला मुदतही होती.

ठरवायचं काय, हा खरा प्रश्न

याच काळातला अँथनी ट्रोलप बघा. पोस्टात नोकरी, पहाटे साडेपाचला लेखन, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. हे त्याने आत्मचरित्रात लिहिलंय आणि ते वाचून अनेकांना तो कारकून वाटला. पण हाच माणूस सांगतो की कथानक आधी बांधून ठेवणं आपल्याला जमत नाही. एकदा क्लबमध्ये बसलेला असताना दोन पाद्री त्याच्या पात्रांची टिंगल करताना त्याला ऐकू आले. मिसेस प्राउडी त्यांना नकोशी झाली होती. ट्रोलपने उठून त्यांना सांगितलं की घरी जाऊन तिला मारूनच टाकतो, आणि पुढच्याच लिखाणात तिला खरंच मारलं.

ट्रोलपने वेळ घट्ट बांधला आणि गोष्ट सैल ठेवली. डिकन्सने गोष्टीचा कणाही बांधला. त्यामुळे ‘आराखडा की स्फूर्ती’ हा प्रश्नच जरा चुकीचा मांडला जातो, असं मला वाटतं. काय आधी ठरवायचं आणि काय उघडं ठेवायचं, हे वेगळं करता आलं की भांडण बरंचसं मिटतं.

माझे आठ महिने

आता माझं. माझा विषय खाऱ्या जमिनीतले जिवाणू. सिनॉप्सिसमध्ये तिसऱ्या प्रकरणाचं नाव मी असं लिहिलं होतं की त्यात निष्कर्षच आला: या जिवाणूंमुळे खाऱ्या पाण्यात बियाणं जास्त उगवतं. प्रत्यक्षात उगवणीत काहीच फरक पडेना. मी परत केलं. पेट्री डिश बदलल्या, बियाणं बदललं, परत केलं. आठ महिने. आधी लिहून दिलंय म्हणजे ते यायलाच पाहिजे, असं डोक्यात बसलं होतं.

त्याच काळात वहीच्या कडेला मी दोनदा लिहून ठेवलं होतं की कुंडीत ठेवलेल्या महिन्याभराच्या रोपांची मुळं लांब दिसतात, का? पण ते ‘आराखड्यात नव्हतं’, म्हणून त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. गाईडनी ती वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं, तेव्हा डोळे उघडले. माझ्याकडेही कागदाची डावी बाजू होती, फक्त मी तिला काम मानत नव्हते.

इथे एक फरक विसरू नका. डोराचं काय करायचं हे डिकन्सच्या हातात होतं. मुळं किती वाढणार हे माझ्या हातात नाही. लेखक शेवट बदलू शकतो, आपण फक्त प्रश्न बदलू शकतो. आणि तो बदलला तर तसं उघडपणे लिहावं लागतं. मुळांचा फरक दिसल्यावर ‘आमचं गृहीतक पहिल्यापासून मुळांविषयीच होतं’ असं मी लिहिलं असतं, तर तो पोचा निबंध झाला असता: वाचायला नेटका आणि खरा नसलेला. कवीला हे शोभून जातं. संशोधकाने केलं तर वाचणाऱ्याची फसवणूक होते, कारण आधी केलेलं भाकीत आणि नंतर सापडलेली गोष्ट यांचं वजन सारखं नसतं. माझ्या प्रबंधात आता उगवणीचा नकारात्मक निकालही आहे, आणि मुळांवर नव्याने आखलेला वेगळा प्रयोगही.

तुम्ही काय कराल?

सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक ए-फोर कागद आडवा धरा आणि मधोमध रेघ मारा. उजवीकडे पक्कं तेवढंच लिहा: मुख्य प्रश्न, पद्धत, नमुने कुठून आणणार, कोणत्या महिन्यापर्यंत काय संपवणार. प्रकरणांची नावं प्रश्नाच्या रूपात ठेवा, निष्कर्षाच्या नको. डावीकडे सगळ्या शंका लिहा आणि प्रत्येकीपुढे तारीख टाका. महिन्यातून एकदा बसून तिच्यापुढे हो, नाही किंवा इतक्यात नको असं लिहा. जुना कागद फाडू नका, नवा घ्या. कोणती गोष्ट कधी सुचली, निकालाआधी की नंतर, हे पुढे या तारखाच सांगतील. संशोधन सल्लागार समितीने विचारलं तर दाखवायला काहीतरी हातात असेल.

डिकन्स ९ जून १८७० ला गेला तेव्हा ‘एडविन ड्रूड’चे १२ पैकी सहाच भाग लिहून झाले होते. टिपणं असूनही त्या रहस्याचा शेवट काय होता यावर लोक आजही वाद घालतात. डाव्या बाजूचे प्रश्न त्याने शेवटपर्यंत उघडे ठेवले होते.

तुमच्या कागदावर डावीकडचा पहिला प्रश्न कोणता असेल? उद्यावर ढकलू नका, आजच लिहा, आणि पुढे तारीख टाकायला विसरू नका.