इंजिनबदल आणि क्लचचा सांधा

तापीकाठचे कामरेज आज मुंबई–अहमदाबाद महामार्गावरील सुरतेजवळचा गजबजलेला चार रस्ता म्हणून ओळखले जात असले, तरी त्याची मूळ ओळख बंदराची आहे, आणि ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आलेले कम्मोनी म्हणजे हेच गाव, असे काही अभ्यासक मानतात. गायकवाडांच्या अमलात ते बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातील एक महाल होते. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्यानंतर 1 मे 1960 पर्यंत कामरेज आणि कुर्ला ही एकाच राज्यातील ठिकाणे राहिली. कुर्ल्याचा उल्लेख येथे सहेतुक आहे, कारण वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तेथे होता, आणि त्याच्या डॉज व फार्गो मालमोटारी याच रस्त्याने उत्तरेकडे जात असत.

या रस्त्यावर चालणाऱ्या इंजिनबदलाच्या, म्हणजे जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसविण्याच्या, धंद्याचे मूळ इंधनाच्या हिशेबात आहे. पेट्रोलपेक्षा डिझेल स्वस्त, आणि भार ओढताना ते लागतेही कमी. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोलवरील जुन्या ट्रकांत इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचे ‘पी-6’ हे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन बसविण्याची प्रथा जगभर पसरली, आणि मद्रासच्या सिम्पसन कंपनीने ते भारतातच बनविण्यास प्रारंभ केल्यावर येथेही ती रुळली. टेल्कोने 1954 मध्ये जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक बनविण्यास सुरुवात केली, तेव्हापासून ट्रकांपुरता डिझेल इंजिनाचा प्रश्न हळूहळू मिटत गेला. मोटारी आणि जीप यांच्या बाबतीत तो 1973 च्या तेलसंकटानंतर खऱ्या अर्थाने उभा राहिला.

या धंद्याविषयी लिहिताना इंजिनांच्याच कथा सांगितल्या जातात. परंतु कारागिरीचा कस लागत असे तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधील वीतभर जागेत. इंजिनाच्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, टोकाला फ्लायव्हील नावाचे जड लोखंडी चाक बोल्टांनी आवळलेले असते. त्यावर स्प्रिंगांचे झाकण, म्हणजे प्रेशर प्लेट, बसते. आणि या दोहोंच्या चिमटीत क्लचप्लेट धरली जाते, जिच्या मध्यातील दातेरी भोकात गिअरबॉक्सचा दांडा शिरतो. पेडल दाबताच रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटची बोटे ढकलते, चिमटी सैल होते आणि इंजिन चाकांपासून सुटते. इंजिन एका घराण्याचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्याचा असला, की फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट इंजिनाच्या बाजूने राहतात, रिलीज बेअरिंगला दोन्हीकडची मर्जी सांभाळावी लागते, आणि क्लचप्लेटची गत तर दोन्ही घरच्या पाहुण्यासारखीच होते: तिचा घेर फ्लायव्हीलला जुळला पाहिजे आणि मधले दात गिअरबॉक्सच्या दांड्याला. दोन्ही गोष्टी तयार प्लेटमध्ये मिळाल्या नाहीत, तर रिव्हेट छाटून एका प्लेटचा मधला भाग दुसरीत बसविला जाई. ही युक्ती हुशारीची खरी, पण मध्य केसभर जरी चुकला, तरी गाडी उचलताना सारी धडधड बसणाऱ्याच्या पाठीत जाई.

जीपचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. महायुद्धातील विलीज जीपच्या फ्लायव्हीलभोवतीच्या रिंग गिअरला, म्हणजे स्टार्टर ज्यात अडकून इंजिन फिरवतो त्या दातेरी कड्याला, 97 दात होते. नंतरच्या नमुन्यांत ते 124 आणि पुढे 129 झाले. बाहेरून तीनही चाके सारखीच वाटत असल्याने लष्करी लिलावातील जीप नव्या भागांनी सजविणाऱ्याला फरक कळे तो इंजिन सुरू करताना, जेव्हा स्टार्टरचे दात कड्यात बसण्याऐवजी त्यावर किरकिरत. दात मोजण्याची साधी सवय येथे मोठ्या खर्चातून वाचवीत असे. महिंद्र कंपनीने 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून ‘एक्सडीपी 4.90’ या डिझेल इंजिनाचा परवाना घेतल्यावर जीपला कारखान्याचेच डिझेल मिळाले. पुढे आकुर्डीच्या बजाज टेंपोचे, मर्सिडीजच्या परवान्याने बनणारे ‘ओएम-616’ हे इंजिनही अशा बदलासाठी पसंत केले जाऊ लागले.

मात्र डिझेलचा जोर आकड्यांवरून जोखणे फसवे असते. जीपच्या जुन्या पेट्रोल इंजिनाची पिळण्याची कमाल ताकद प्यूजोच्या डिझेलपेक्षा कमी नव्हती. फरक होता तो धक्क्यांत. पेट्रोल इंजिनात हवा सुमारे सातपट दाबली जाते, तर त्या डिझेलमध्ये वीसपटीहून अधिक, आणि म्हणून प्रत्येक स्फोटाचा हिसका तीव्र असतो. तो पचविण्यासाठी फ्लायव्हील जड हवे आणि क्लचप्लेटच्या मध्याभोवती हिसका झेलणाऱ्या स्प्रिंगा हव्यात. पेट्रोलचा हलका संच तसाच ठेवणाऱ्यांच्या गिअरबॉक्समधून पुढे खडखड ऐकू येई. उरलेले काम लेथवरचे: क्रँकच्या टोकात गिअरबॉक्सच्या दांड्याला टेकू देणारी पायलट बुश गनमेटलमधून कातणे, आणि दोन्ही बाजूंच्या बोल्टांना जुळेल अशी जाड पोलादी पट्टी मध्ये घालणे. त्या पट्टीची जाडी वाढली, की दांडा तेवढाच मागे सरे, हे विसरणारा मिस्त्री तेच काम दोनदा करी.

सुटे भाग गुजरात आणि महाराष्ट्रातच बनू लागल्याने जुळणी सोपी झाली. गुजरातच्या पंचमहालातील कालोल येथे 1982 मध्ये सेटको या क्लच कंपनीची स्थापना झाली, आणि औरंगाबादेत सीके डायकिनने क्लच बनविले. कायदा मात्र उलट दिशेने गेला. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने फेरफारांवर बंधने घातली, आणि कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिला. त्याआधीच, ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलच्या किमतीवरील सरकारी नियंत्रण उठल्याने, या धंद्याचे मूळ कारणही बरेचसे संपले होते.

जुन्या गाडीत मान्यताप्राप्त संचाने विजेची मोटर बसविण्यास आज परवानगी आहे. त्यात इंजिन जाते, प्रेशर प्लेटही बहुधा जाते. पण जुना गिअरबॉक्स ठेवला, तर मोटर आणि त्याचा दांडा जोडणाऱ्या तुकड्याला त्या दांड्याच्या दातांशी जुळणारे दात लागतात, आणि ते अनेकदा जुन्या क्लचप्लेटचा मध्य कापूनच मिळवले जातात.