चाकावरचा अंगठा

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात उभ्या असलेल्या माणसाला मायबाख गाडी वेगळी दाखवावी लागत नाही. राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन गाडी राजघराण्याला घेऊन आली, की सोने लुटायला जमलेल्या गर्दीत लहानथोर सारेच टाचा उंचावतात. ज्या मायबाखांनी झेपेलिन या हवाई जहाजांची इंजिने घडवली, त्यांच्याच फ्रीडरिक्सहाफेनच्या कारखान्यातली ही गाडी! लोक तिचा रंग पाहतात, तिचे लांबलचक बॉनेट पाहतात. माझी नजर मात्र चालकाच्या हातांकडे जाते. त्याला कारण आमच्या घरची एक अगदी साधी गाडी.

गाडी वळवायची म्हणजे गोल चाक हवेच, असे आज आपल्याला वाटते. परंतु १८८६ सालच्या कार्ल बेंझच्या तीनचाकी गाडीला असे चाक नव्हते. हाताने फिरवायची एक दांडी होती. १८९४ साली पॅरिस ते रुआं या शर्यतीत वाशरों नावाच्या फ्रेंच गृहस्थाने आपल्या पानार गाडीला गोल चाक बसवले, आणि पुढे हळूहळू दांडी मागे पडली. चाकाचे अंग मात्र काळाप्रमाणे बदलत गेले. कुठे लाकूड, कुठे गंधक घालून कडक केलेले रबर, पुढे प्लॅस्टिक. आत पोलादाचे कडे आणि वर हे आवरण, असा पुष्कळ चाकांचा संसार. आणि संसारात होते तेच येथेही होते. उन्हाने दोघे सारखे फुगत नाहीत, थंडीने सारखे आकसत नाहीत. प्लॅस्टिक म्हातारे होऊन सुकते, आतले पोलाद जागचे हलत नाही. मग आवरणाला भेगा पडतात.

आमची गाडी फियाट ११०० डी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. हीच गाडी पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. त्या काळी मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वडील डॉक्टर. गाडी दारात आली ती मिरवायला नव्हे. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या बाजूंच्या खेड्यांतून रात्री-अपरात्री बोलावणे येई, आणि पावसाळ्यात घाटाच्या वळणांवर ते चाक वडिलांच्या मुठीत असे.

ते गेल्यावर गाडी पडवीत उभी राहिली. गेल्या वर्षी मुलाने ती हलवायची ठरवली. पन्नास वर्षांपलीकडच्या गाड्यांची जुनी म्हणून वेगळी नोंदणी करण्याचा नियम २०२१ साली झाला आहे. गाडी मूळ रूपात असावी, ही त्यातली मुख्य अट. इंजिन सुधारले, पत्रा सुधारला, राहिले चाक. सायीच्या रंगाचे ते चाक पिवळे पडले होते, आऱ्यांपाशी चार मोठ्या भेगा होत्या, आणि उजवीकडे एक गुळगुळीत खळगा पडला होता.

उद्यमनगरातले एक मिस्त्री हे काम करतात. त्यांनी आधी साबणाच्या पाण्याने चाकावरचा वर्षानुवर्षांचा मळ काढला. मग प्रत्येक भेग कोरून थोडी रुंद केली; कारण अरुंद भेगेत मसाला वरचेवर बसतो आणि पुन्हा निघून येतो. दोन भागांचा एपॉक्सी कालवून त्यात दाबून भरला, रात्रभर वाळू दिला. दुसऱ्या दिवशी जाडा पॉलिशपेपर, मग बारीक, मग पाणी लावून अगदी बारीक. त्यानंतर प्रायमर आणि रंगाचे पातळ हात.

"मालक, उजवीकडचा खड्डाबी भरू का? काचेगत करून देतो," मिस्त्री म्हणाले.

मुलगा लगेच हो म्हणाला. मी त्या खड्ड्याकडे पाहत राहिलो. तो उजवीकडेच का? फियाटचा गिअर चाकाखालच्या दांड्यावर, डाव्या हाताला. डावा हात गिअर टाकायला सुटे, तेव्हा गाडी उजव्या हातावर राही. म्हणजे घाटातल्या प्रत्येक चढाला, प्रत्येक उताराला या एकाच जागी जोर पडला होता. वडिलांनी रोजनिशी कधी लिहिली नाही. त्यांच्या चाळीस वर्षांच्या फेऱ्यांची नोंद कुठे असेल, तर ती एवढीच.

जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने २०१२ साली ट्यूरिन शहराच्या नावाने एक सनद संमत केली. वापराच्या खुणा हाही गाडीचा इतिहास असतो, म्हणून जेवढे आवश्यक तेवढेच बदलावे, असे तिचे सार. मी मुलाला हे समजावू लागलो. तो म्हणाला, "बाबा, मग भेगाही इतिहासच की!" मला उत्तर सुचेना.

उत्तर आईने दिले. तिने सनद ऐकलेली नव्हती. ती म्हणाली, "भेगा उन्हानं पाडल्या रे. ही जागा त्यांनी पाडली."

मिस्त्रींनी मान हलवली. खळग्याच्या कडेपर्यंत रंग आणून तो अलगद विरवला. आतली जागा फक्त पुसून मेणाने चोळली. चाक नव्यासारखे दिसत नाही. बघणारे विचारतात, एवढे काम अर्धे का ठेवले?

यंदा खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घातला. आईने चाकाला हळदकुंकू लावले, नेमके त्या जागेच्या शेजारी. नंतर मी चाकामागे बसलो आणि अंगठा खळग्यात ठेवून पाहिला. तो नीट बसत नाही. वडिलांचा हात माझ्यापेक्षा मोठा होता.