परवच्यातला रोकडा हिशेब

पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अंक गिरवी आणि संध्याकाळी परवचा म्हणे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि साडेतीनचे पाढे.

ही घोकंपट्टी बाजारासाठीच होती. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, पैशाच्या 3 पै. म्हणजे रुपयात 192 पै. शेराला अडीच आणे भाव असेल, तर साडेतीन शेरांचे पावणेनऊ आणे होतात, हे वाण्यापुढे उभ्या पोराला तोंडी सांगता यायला हवे. अपूर्णांक इतके जिवंत करून शिकवणारी दुसरी पद्धत सापडणे कठीण.

1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे 100 नवे पैसे झाले. औटकी हळूहळू शाळेतून गेली. चार आणे, आठ आणे मात्र 25 आणि 50 पैशांना बोलण्यात चिकटून राहिले.