आनंदीबाई जोशी यांचा वैद्यकीय शिक्षणाचा निर्णय (१८७८-१८८३) : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) यांच्या पदवीचा गौरव वारंवार होतो. मात्र त्यामागील निर्णयाचा विचार त्या प्रमाणात होत नाही. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीच्या प्रभावाने पती गोपाळरावांचा हट्ट हेच या निर्णयाचे कारण मानले जाते. प्रस्तुत निबंधात हा समज तपासला आहे.

विवेचन :
प्रारंभ गोपाळरावांनी केला, हे निर्विवाद आहे. १८७८ मध्ये त्यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यास पत्नीच्या शिक्षणासंबंधी पत्र लिहिले. ते वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापले गेले व त्यातूनच न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांचा परिचय झाला. तथापि, वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले आणि शिक्षणाच्या इच्छेस वैद्यकाची निश्चित दिशा मिळाली. हा अनुभव सर्वस्वी आनंदीबाईंचा होता.

दि. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. अमेरिकेसच का जावे, एकटीनेच का जावे, ज्ञातीने बहिष्कृत केल्यास काय, अशा आक्षेपांना त्यांनी क्रमाने उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, अशी त्यांची भूमिका होती. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता. परंतु तेथील शिक्षण अपुरे व शिक्षक सनातनी वृत्तीचे, असे त्यांचे मत होते. हे मत कठोर वाटले, तरी तेथील पहिल्या चारही विद्यार्थिनी युरोपीय वा अँग्लो-इंडियन होत्या, हे लक्षात घ्यावे लागते. कलकत्ता मेडिकल कॉलेजचे द्वार स्त्रियांना खुले झाले ते आनंदीबाईंच्या ७ एप्रिल १८८३ च्या प्रयाणानंतर.

अमेरिकेत पोहोचल्यावर पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाकडे लिहिलेल्या प्रवेशपत्रात त्यांनी स्वतःच्या पूर्वतयारीतील उणीव झाकली नाही. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींची गरज, हाच त्यांनी आपला अधिकार म्हणून मांडला.

निष्कर्ष :
दि. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. स्वदेशी रुग्णसेवा करण्यास अवधीच मिळाला नाही. म्हणूनच साधकबाधक विचारांती घेतलेला हा निर्णय हेच त्यांचे मुख्य ऐतिहासिक कर्तृत्व ठरते. त्याचे श्रेय केवळ पतीच्या हट्टास देणे म्हणजे उपलब्ध साधनांतील त्यांचा स्वतःचा आवाज नाकारणे होय.